ख्रिस्ती उपासना-गीतें आणि गिटार

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेंत गिटार हें वाद्य आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. रविवारच्या उपासनेसाठीं जुनीं गीतें त्यावर बसविण्याची हौस तरुणांत दिसते, आणि त्याबरोबर वडीलधाऱ्यांच्या मनांत दोन शंका उभ्या राहतात. हें परकी वाद्य देवालयांत कशाला, ही पहिली. आणि त्याच्या साथीनें आपल्या गीतांची चाल बिघडणार तर नाहीं ना, ही दुसरी. पहिल्या शंकेचें समाधान इतिहासानें होण्यासारखें आहे. दुसरी मात्र अधिक खोल आहे.

मराठी ख्रिस्ती काव्याचा आरंभ कोणत्याही परकी चालीनें झाला नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि त्यानें रचलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ज्ञानोबा-एकनाथांच्या वळणावर गेलेला आहे. परदेशी मनुष्यानें आपला धर्म सांगतांना येथील ओवीचा आश्रय केला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या काळीं उपासनेसाठीं इंग्रजी गीतांचीं भाषांतरें होऊं लागलीं व तीं मूळच्या विलायती चालींवरच गाइलीं जाऊं लागलीं. भाव उत्तम, पण शब्द आणि स्वर यांचें सूत जमेना. इंग्रजी पद्य अक्षरावरील आघातानें चालतें, तर मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घांच्या मात्रांनीं किंवा अक्षरसंख्येनें. विलायती चालींत ऱ्हस्व अक्षर लांबतें आणि दीर्घ अक्षर घाईनें उरकावें लागतें. मग भक्ताच्या तोंडीं स्वतःचीच भाषा पाहुणीसारखी वाटूं लागते.

ही अडचण ओळखणारे लोक मंडळींतूनच निघाले. अहमदनगरकडील कृष्णा रत्नाजी सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या अभंगांवरच वाढलेले. १९१९ सालीं ते निवर्तले, तोंपर्यंत त्यांनीं शेंकडों अभंग, भजनें व पदें रचिलीं, आणि ‘उपासनासंगीत’ ह्या संग्रहाचा मोठा भाग त्यांच्या रचनांनीं व्यापला आहे. त्यांच्यामुळें टाळ, मृदंग व पेटी हीं देवालयांत मानानें येऊन बसलीं.

परंतु ही पेटी तरी आपली कोठें होती? हार्मोनियम फ्रान्सांत १८४२ च्या सुमारास दबँ नांवाच्या कारागिरानें सिद्ध केलें. तिच्या ठरीव पडद्यांवर श्रुति नाहींत, मींड नाहीं, म्हणून आकाशवाणीनें १९४० ते १९७१ पर्यंत तिला आपल्या दारांत उभें केलें नव्हतें. असें असूनही आज पेटीवांचून भजन रंगत नाहीं. परकेपणा हा वाद्याचा कायमचा गुण नव्हे. वापरणारांनीं त्यास कसें वागविलें, यावर तो अवलंबून असतो.

गिटारचा ख्रिस्ती उपासनेशीं संबंधही आजकालचा नाहीं. ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ गांवीं २४ डिसेंबर १८१८ च्या रात्रीं मोर हा धर्मगुरु व ग्रूबर हा शिक्षक ह्या दोघांनीं गिटारच्या साथीवर जें नाताळगीत प्रथम गाइलें, तें आज जगभर गातात. रोमन चर्चचें धोरण मात्र दीर्घकाळ कडक होतें. दहाव्या पायस पोपनीं १९०३ सालीं पियानो व ढोलासारखीं गोंगाटी वाद्यें उपासनेंतून वर्ज्य केलीं. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें योग्य अशा इतर वाद्यांस वाट मोकळी केली. पण तिनें हेंही बजाविलें कीं, ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिचा योग्य मान राखावा. गिटार घेणारे पुष्कळदा पहिलें वाक्य वाचतात आणि दुसरें विसरतात.

औरंगाबादेंत ह्या दोन्ही प्रवाहांची गांठ पडते. २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर हें नांव मिळालेल्या ह्या शहरांत, निजामाच्या अमलांत, छावणींतील इंग्रज अधिकाऱ्यांची उपासना इंग्रजींत चाले. आणि चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नौरोजी हे पारशी कुळांतून आलेले धर्मोपदेशक मराठी मंडळीची उभारणी करीत होते. पश्चिमेस वैजापूर तालुक्यांत घोगरगांवच्या बाजूस कॅथॉलिक मंडळीही वाढली, आणि १९७७ सालीं औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला. अशा ठिकाणीं विलायती चाल आणि भजनी चाल यांचा शेजार साहजिकच आहे.

आतां दुसऱ्या शंकेकडे वळूं. विलायती चालीच्या गीतांस गिटार सहज जुळतें, कारण त्या चाली मुळांतच स्वरसंघांवर उभ्या आहेत. पण भूपांत बांधलेलें एखादें भजन घ्या. त्यांत सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. नवशिक्यास आरंभीं सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे हे तीन स्वरसंघ शिकवितात. म्हणजे तिहींपैकीं दोहोंत वर्ज्य स्वर आलाच. भैरवींत तर पहिल्याच स्वरसंघांतील शुद्ध गांधार कोमल गांधाराशीं भांडतो. राग न मोडतां साथ करावयाची तर भूपांत सा-ग-प आणि ध-सा-ग ह्या दोहोंवरच भागवावें लागतें.

याहून चांगला उपाय तारांतच आहे. गिटारची सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर खालीं उतरविली कीं, खालच्या तीन मोकळ्या तारा सा, प, सा अशा बोलतात. पांढरी दोनचा तंबोराच हातीं येतो. पट्टी उंच हवी तर दांडीवर चाप लावावा. खालीं हा घोष चालूं ठेवून वरच्या तारांवर चाल काढावी, आणि तार बोटानें किंचित् ओढली तर पेटीस न साधणारी मींडही थोडीबहुत साधते. ठेका धुमाळीचा असेल तर उजव्या हातानें आठ मात्रांचें भान राखावें. विलायती पद्धतीचा सरसकट झणत्कार तेथें शोभत नाहीं.

तेव्हां शिकणारांनीं आधीं गीत पाठ करावें, तें टाळावर म्हणावें, त्याचे वर्ज्य स्वर ओळखावे आणि मगच वाद्य हातीं घ्यावें. टिळकांच्या पिढीनें मराठी भक्ताला देवापुढें स्वतःच्या भाषेंत आणि स्वतःच्या चालींत उभें राहण्याचा हक्क मिळवून दिला. तीन सोप्या स्वरसंघांच्या सोयीसाठीं तो सोडून देणें हा तोट्याचा व्यवहार होईल. आणि थोडे अधिक कष्ट घेतले तर तसें करण्याचें कारणही उरत नाहीं.