खानावळवालींचा इतिहास आणि आपला किनारा

ज्ञातिसंस्थांच्या इतिहासात देवस्थाने, शाळा, वसतिगृहे आणि देणगीदार यांच्या नोंदी आढळतात. परंतु ज्या स्त्रियांच्या हातचे अन्न खाऊन कोकणातील दोन-तीन पिढ्या मुंबईत उभ्या राहिल्या, त्यांची नोंद क्वचितच सापडते. प्रस्तुत लेखात त्यांचेच स्मरण करावयाचे आहे; कारण त्या इतिहासाचा संबंध काशीदच्या आजच्या संसाराशी पोहोचतो.

मुरूड तालुक्यातील काशीद १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. एका अंगास फणसाडचे रान, दुसऱ्या अंगास समुद्र आणि मधल्या पट्टीत पावसावरची भातशेती व वाड्या. एवढ्यावर वर्षाचा निर्वाह होत नसे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढे कुलाबा, रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतील पुरुष रोजगारासाठी तिकडे लोटले. बायकामुले गावी राहत आणि पुरुष चाळीतील एकेका खोलीत दाटीवाटीने दिवस काढीत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळीने केली.

ही खानावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईची राहती खोलीच असे. कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली, तर कोणाच्या घरधन्याची नोकरी सुटलेली. विसाव्या शतकात गिरण्यांतील स्त्रियांच्या जागा कमी होत गेल्या, तेव्हा पुष्कळजणींना चुलीवाचून दुसरा आधार उरला नाही. पहाटे उठून भाकऱ्या थापाव्या, पाळीप्रमाणे डबे भरावे आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहावी, हा त्यांचा नित्यक्रम होता.

या धंद्यात कष्टांपेक्षाही घातक अशी एक अडचण होती. खाणावळ्यांचे पैसे महिनाअखेर येत. तांदूळ, डाळ, रॉकेल मात्र रोज लागे. मधला खड्डा वाण्याच्या उधारीने व सावकाराच्या कर्जाने भरावा लागे. त्यासाठी मंगळसूत्र गहाण पडे, प्रसंगी भांडीही जात. संप झाला तरी जेवणाऱ्यांना उपाशी ठेवणे त्यांच्या मनास पटत नसे. अशा रीतीने बाई राबे आणि नफा व्याजात जाई. बँकेच्या दाराशी जावे तर तारण नाही आणि ओळखीचा जामीनही नाही.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रेमाताई पुरव यांस आहे. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या या कार्यकर्तीने गिरणगावात कामगारांमध्ये काम केले होते. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी दरसाल ४ टक्के व्याजाची योजनाही निघाली होती. पण ती सवलत चाळीपर्यंत पोहोचत नव्हती. १९७५ साली प्रेमाताईंनी १४ खानावळवालींना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. स्त्रियांनी गट करून परस्परांची हमी घ्यावयाची आणि त्या हमीवर बँकेने कर्ज द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. दागिन्याच्या तारणाची जागा शेजारणीच्या शब्दाने घेतली. सावकाराचा फास सुटला आणि व्याजात जाणारा पैसा मुलांच्या शाळेकडे वळू लागला.

याआधी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला होता. त्यातूनच 'लिज्जत' उभे राहिले. तेथेही लाटणारी बाई मजूर नसून भागीदार होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने खानावळींचे गिऱ्हाईकच हिरावून घेतले. तरीही संघटित स्त्रियांना कचेऱ्यांचे डबे व समारंभांचे जेवण यांचा मार्ग मोकळा होता. एकटीदुकटीस तो सापडणे कठीण होते.

आता काशीदकडे पाहावे. पूर्वी जेवणारा मुंबईस जात असे, आज तो मुंबईहून काशीदला येतो. पांढऱ्या वाळूच्या या किनाऱ्यामुळे अनेक घरी पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय केली जाते. मासळीचे कालवण, सोलकढी, तांदळाची भाकरी हे सारे घरच्या स्त्रीच्याच हातचे असते. परंतु दारावरील पाटी, बँकेतील खाते आणि जमिनीचा उतारा यांवर तिचे नाव असते काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा व घरांची छपरे उद्ध्वस्त केली. कागदोपत्री ज्याचे नाव, त्यालाच अशा वेळी भरपाई व कर्ज मिळणे सुलभ जाते. कष्ट तिचे आणि पत दुसऱ्याची, ही जुनी कहाणी येथे पुन्हा घडू नये.

ज्ञातिबांधवांस एवढेच सुचवावेसे वाटते की, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीइतकेच अगत्य या भगिनींच्या भांडवलाविषयी दाखवावे. त्यांचे गट बांधावेत, घरच्या उद्योगाचे खाते त्यांच्या नावे उघडावे आणि विधवा व परित्यक्ता भगिनींस त्यात पहिला मान द्यावा. अन्नपूर्णेच्या १४ जणींपाशी कौशल्य पूर्वीपासूनच होते. उणीव होती ती त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांची. तो विश्वास प्रथम आपल्या घरातून मिळावा.