गोळीमागचा उंदीर

बेलापुरात माझी आई रोज सकाळी एक गोळी घेते. जुनाट रक्ताचा कर्करोग. ‘उंदरांवर सरकारी पैसा कशाला?’ म्हणणाऱ्यांसाठी लिहितोय.

१९६० साली फिलाडेल्फियात अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. पण ते आजाराचं कारण की परिणाम? १९९० मध्ये डेली, बाल्टिमोर वगैरेंनी त्यातला बीसीआर-एबीएल जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेत घातला. उंदरांना तसाच आजार झाला! त्या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. आईची गोळी तीच.

आपल्या कमल रणदिवे त्याच्या कितीतरी आधी मुंबईत प्राण्यांवर ल्युकेमियाची कारणं शोधत होत्या. याच बाईंनी पुढे आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. प्रवरा तिकडूनच आमच्याकडे येते. बाईंचं नाव मात्र मी शाळेत कधीच ऐकलं नाही.