कुंईऽऽऽ : एका आवाजाचा इतिहास

मागच्या रविवारी लवासाला जाऊन आलो. तळ्याकाठी फोटो काढायला नव्हे, एक बग शोधायला. तोही जावातला नाही, लोखंडातला.

एका मित्राकडे त्याच्या वडिलांची जुनी पिकअप आहे. जीपच्या घराण्यातली, फोर बाय फोर. काका मुठा खोऱ्यातल्या गावी राहायचे. पावसाळ्यात कच्च्या रस्त्याला चिखल झाला की अडल्यानडल्या पेशंटला हीच गाडी पौडापर्यंत घेऊन जायची. काका गेल्यावर ती वर्षभर उभी होती. आता चालवली की पन्नाससाठच्या पुढे 'कुंईऽऽऽ' असा बारीक सूर लावते. एका गॅरेजवाल्याने निदान सांगितलं, "मागचं क्राऊन-पिनियन गेलंय, पूर्ण बदला." खर्चाचा आकडा ऐकून मित्र म्हणाला, "विकूनच टाकतो." काकू काही बोलल्या नाहीत. फक्त आत निघून गेल्या.

म्हटलं, थांब. प्रॉडक्शनवर बग आला की आपण आधी सर्व्हर बदलतो का? आधी तो रिप्रोड्यूस करतो!

पहिली टेस्ट दारातच. न्यूट्रलमध्ये इंजिन रेस केलं. सूर नाही. म्हणजे इंजिन, बेल्ट, अल्टरनेटर सुटले. पिरंगुट मागे टाकून सपाट रस्ता लागल्यावर दुसरी टेस्ट: तोच वेग, आधी तिसरा गिअर, मग चौथा. इंजिनाचे फेरे बदलले, पण सूर जागचा हलला नाही. म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या पुढे, चाकांच्या दिशेला आहे. तिसरी टेस्ट टेमघरच्या घाटाने फुकटात करून दिली. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की गाडी गाते, उतारावर पाय काढला की चूप. टायरचा आवाज रस्त्याचा पोत बदलला की बदलतो. चाकाचं बेअरिंग बहुधा वळणावर, वजन एका बाजूला गेलं की सूर बदलतं. दातांवर जोर आला की गातो तो गिअर.

इथपर्यंत गॅरेजवाला बरोबरच होता. पण गिअर नेमका कुठला? मागच्या डिफरन्शियलमधला की मधल्या ट्रान्स्फर केसमधला? त्याचं म्हणणं, "साहेब, फोर बाय फोर टाकलेलंच नाही, मग ट्रान्स्फर केस कशाला आवाज करेल?" ऐकायला चोख वाटतं ना? इथे इतिहास आडवा येतो.

जुलै १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांकडे एका छोट्या, हलक्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीची मागणी केली. पहिला नमुना द्यायला मुदत फक्त ४९ दिवस! (आपले क्लायंट बरे म्हणायचे.) बॅन्टम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि सप्टेंबरमध्ये नमुना हजर केला. पुढे विलिज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

या जीपमध्ये स्पायसर कंपनीचा 'मॉडेल १८' ट्रान्स्फर केस होता. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट इंजिनाच्या तळाला चुकवून न्यायचा, म्हणून दोन्ही शाफ्ट मधोमध न ठेवता बाजूला सरकवले. परिणाम काय झाला? गिअरबॉक्समधून आलेली ताकद मागच्या चाकांकडेसुद्धा सरळ जाऊ शकत नाही. ती एका मधल्या गिअरवरून उडी मारून बाजूला जाते. फोर बाय फोर टाका किंवा नको, ते दात चोवीस तास ड्यूटीवर! १९६०च्या दशकात आलेल्या 'डाना २०'मध्ये हाय रेंजला ताकद सरळ मागे जाऊ लागली आणि आवाज कमी झाला. पुढे चेनवाले ट्रान्स्फर केस आले. गॅरेजवाल्याचं लॉजिक त्या पुढच्या पिढ्यांसाठी बरोबर होतं. त्याने डॉक्युमेंटेशन नव्या व्हर्जनचं वाचलं होतं, एवढंच.

आपल्याकडे ही जीप स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत आली. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने माझगावला विलिजचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली. त्या घराण्याच्या गाड्या मग तहसीलदार, पोलीस, दूधवाले, वऱ्हाडी अशा सगळ्यांच्या झाल्या. इंजिनं बदलली, पेट्रोलचं डिझेल झालं, पण ट्रान्स्फर केसची ती बाजूला उडी बऱ्याच गाड्यांत कित्येक वर्षं टिकली. काकांच्या गाडीतही तीच होती.

पण इतिहास म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून थोडं गणित. टायरचा घेर सुतळीने मोजला, सव्वादोन मीटर. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ७.४ फेरे. मॅन्युअलप्रमाणे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. तेव्हा डिफरन्शियल गात असेल तर सूर ७.४ गुणिले ४३, म्हणजे ३१८ हर्ट्झच्या आसपास हवा. प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या ५.३७५ पट फिरतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ४०. त्यावरच्या ट्रान्स्फर केसच्या गिअरला २७ दात, म्हणजे सूर १०७५च्या आसपास.

मित्र गाडी चालवत होता, मी फोन गिअर लिव्हरपाशी धरून आवाज रेकॉर्ड करत होतो. आलेख काढला. उंच टोक १०७०वर! ३१८ला काहीच नाही. स्पीडोमीटर पाच टक्के खोटं बोलत असला तरी या दोन आकड्यांची गल्लत होणं शक्य नाही.

लवासाला दासव्याच्या तळ्याकाठी चहा घेतला. समोर अर्धवट इमारती. २०१० साली पर्यावरण खात्याने काम थांबवायला लावलं, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्या सगळ्याच्या खुणा. मित्र बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाबा दर पावसाळ्याआधी खाली झोपून ऑइल बघायचे. मी एकदाही बघितलं नाही."

सोमवारी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गणित ऐकून घेतलं, हसले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रान्स्फर केसला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि दहा सेकंदांत म्हणाले, "हितंच हाय." (आमचे दोन दिवस, त्यांचे दहा सेकंद. असो.) प्लग उघडला तर आत ऑइल जेमतेम. सील सुकून गळत होतं, आणि मधल्या गिअरची बेअरिंगं कोरडी पडून ढिली झालेली. दोष कंपनीचा नाही, वर्षभर न बघणाऱ्याचा. बेअरिंगं, सील, ताजं ऑइल. मागच्या क्राऊन-पिनियनला हातही लावावा लागला नाही.

सूर पूर्ण गेला का? नाही. चढावर अगदी मंद, गुणगुणल्यासारखा अजून येतो. मिस्त्री म्हणाले, "तेवढा ऱ्हाणारच, ह्या गाडीची जातच तशी."

परवा काकूंना पुढे बसवून चक्कर मारली. चढ लागला, गाडी गुणगुणली आणि काकू म्हणाल्या, "हां, असाच यायचा आवाज."

विकायचा विषय परत निघाला नाही.