रिकामा स्लॉट : टिफ्रॅक, लॅमिंग्टन रोड आणि जुना डेस्कटॉप

थ्रेड

१/ जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवणे, त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवणे ही आज रविवारची किरकोळ कामे वाटतात. पण त्यासाठी मदरबोर्डवर कोणीतरी आधीच जागा रिकामी सोडलेली असावी लागते. त्या रिकाम्या जागेलाही इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग आपल्या मुंबईत घडला.

२/ आरंभ कुलाब्यातून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती : ४० बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या मापात हे भरते अवघे १० केबी!

३/ टिफ्रॅकला कॅथोड किरण नलिकेचा पडदाही होता. त्यावर अक्षरे, आकडे आणि आलेख उमटत. मात्र हे यंत्र एकमेव होते. बाजारातून भाग आणून त्यात बसवावा, ही कल्पनाच संभवत नव्हती. १९६४ मध्ये संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकी संगणक आला आणि टिफ्रॅकचे पर्व संपले. क्षमता वाढवणे म्हणजे यंत्रच बदलणे, असा तो काळ.

४/ हे चित्र पालटले ऑगस्ट १९८१ मध्ये. आयबीएमच्या पीसीत पाच स्लॉट होते. पडदा चालवणारे सर्किट मूळ बोर्डवर नव्हतेच. त्यासाठी वेगळे कार्ड लागे. त्यांपैकी सीजीए या रंगीत कार्डाची स्वतःची स्मृती १६ केबी, म्हणजे संपूर्ण टिफ्रॅकहून अधिक. शिवाय स्लॉटची तांत्रिक माहिती आयबीएमने प्रसिद्ध केली, त्यामुळे इतरांनाही कार्डे बनवता आली.

५/ या ‘इतरांना’ शब्दात आपली भाषाही येते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅककडे आले (स्थापना १९८८) आणि त्यातून ‘जिस्ट’ कार्ड साकारले. डॉस चालवणाऱ्या पीसीच्या स्लॉटमध्ये ते बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. विदेशी यंत्रात मराठी शिरली ती रिकाम्या स्लॉटमधून!

६/ आता लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले; आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. गिरगावच्या ऑपेरा हाऊसकडून मुंबई सेंट्रलकडे जाणारा हा रस्ता एकेकाळी मिनर्व्हा, नाझ, अप्सरा या चित्रपटगृहांसाठी प्रसिद्ध होता. रेडिओ आणि ध्वनियंत्रणेच्या सुट्या भागांची दुकानेही इथलीच. संगणकाचे सुटे भाग या बाजाराने सहज सामावून घेतले.

७/ त्यामागे धोरणांचा हात होता. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला माहिती तंत्रज्ञान करार झाला. १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि संगणकाच्या भागांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने शून्याकडे आले. मध्यमवर्गीय घरात ‘असेंबल्ड’ पीसी आला तो या पार्श्वभूमीवर. आज २५६ एमबी, पुढच्या दिवाळीला आणखी २५६ : संगणक एकदम विकत घेण्याऐवजी हप्त्याहप्त्याने वाढवता येऊ लागला.

८/ रॅमच्या पट्टीवर एक लहानशी खाच असते. डीडीआर (२०००), डीडीआर२ (२००३), डीडीआर३ (२००७) अशी पिढी बदलली की खाचेची जागाही बदलते. कारण साधे आहे : डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, तर डीडीआर४ ला १.२. चुकीची पट्टी बसूच नये, म्हणून ही खाच. आणि ३२-बिट विंडोज असेल तर साधारण ४ जीबीच्या पुढची रॅम बहुधा वाया जाते.

९/ ग्राफिक्स कार्डाची कथा वेगळी. १९९७ च्या सुमारास आलेला एजीपी स्लॉट २००४ पासून मागे पडला आणि पीसीआय एक्स्प्रेस आला. याच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये कमी वेगाने का होईना, सहसा चालते. अडते ते विजेपाशी. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात; त्याहून भुकेल्या कार्डाला पॉवर सप्लायमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. म्हणून कार्डाआधी एसएमपीएस तपासावा.

१०/ सारांश असा की लॅमिंग्टन रोड केवळ स्वस्ताईवर उभा राहिला नाही. स्लॉटचे मोजमाप सर्वांना ठाऊक होते, म्हणून एका कंपनीचा बोर्ड, दुसरीची रॅम आणि तिसरीचे कार्ड एकत्र नांदू शकले. बाजार उभा होता तो खुल्या मानकांवर.

११/ आज अनेक लॅपटॉपमध्ये रॅम थेट बोर्डवर झाळलेली असते. ती वाढवता येत नाही. म्हणजे पुन्हा टिफ्रॅकचाच न्याय : क्षमता हवी, तर यंत्र बदला! केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा आणि वाढवण्याचा अधिकार कोणाचा?

१२/ तुमच्या घरातला जुना डेस्कटॉप भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. रॅमची पिढी कोणती, स्लॉट किती रिकामे, हे खाली अवश्य लिहा. त्या नोंदी म्हणजेही इतिहासाची साधने आहेत.