पुढचे जहाज कोणते?

हिंगोली जिल्ह्याला कयाधू आहे, पैनगंगा आहे, पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण आहे. समुद्र मात्र नाही. त्यामुळे लाकडी जहाजांची मॉडेल घडवण्याच्या विद्येत पाऊल ठेवणाऱ्या इथल्या वाचकाचे काही अडत नाही. भक्कम टेबल, चांगला उजेड, धारदार पटाशी आणि इतिहास वाचण्याची हौस एवढी शिदोरी पुरते.

पहिले मॉडेल हाताखालून गेले, की खरा प्रश्न उभा राहतो: आता कोणते? बहुतेक जण खोक्यावरचे चित्र बघून ठरवतात. चित्रात शिडे फुगलेली असतात, तोफा चमकत असतात आणि मन त्यावर बसते. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याला त्या जहाजाकडून काय शिकायचे आहे, हे आधी ठरवावे आणि मग जहाज निवडावे.

बाजारातली बहुतेक किट इटली, स्पेन, डेन्मार्क आणि अमेरिकेतून येतात. त्यांची रचना साधारण एकच. मध्ये प्लायवुडचा कणा, त्याच्या खाचांत आडवे पडदे आणि त्यांवर पातळ पट्ट्यांचा एक थर, पुष्कळदा दोन. कोकणातला सुतार या कण्याला पठाण म्हणतो. पट्ट्या चढवताना खरी परीक्षा नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी होते. तिथे घेर कमी होतो, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती करावी लागते. ते चुकवले तर पट्ट्या एकमेकींवर चढतात. दुहेरी थराच्या किटमध्ये पहिल्या थराचे दोष दुसऱ्याखाली झाकले जातात, म्हणून दुसऱ्या मॉडेलला तेच घ्यावे. डोलकाठ्या दोनच असाव्यात. तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेत दोरकामच एवढे असते, की उत्साह मध्येच आटतो.

युद्धनौकांचे आकर्षण सुटत नसेल, तर निदान आपल्या मुंबईची निवडा. १७३६मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मलबारी सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधली. त्यांतली ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ १८१७मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगते आहे. तिचे पहिले नकाशे ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे येत होते. डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला आणि त्यात ते नकाशे गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. गंमत अशी, की जगात मॉडेल करणाऱ्यांची सर्वांत लाडकी किट ज्या जहाजांची आहेत, त्यांत हीच ‘कॉन्स्टिट्यूशन’ येते. ‘ट्रिंकोमाली’चा तोफांचा मजला सुमारे ४५.८ मीटर लांब. १:४८ प्रमाणात नुसता सांगाडाच ९५ सेंटिमीटरचा होतो. घरात एवढी जागा आहे का, हे पट्टी लावून बघा.

मराठा आरमाराची गुराब हा वेगळाच विषय. रुंद, उथळ, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिची नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी पुढे काढलेली आणि त्या नाळेवरून सरळ समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, असे वर्णन अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने केले आहे. सोबतचे गलबत लहान आणि वल्ह्यांवर चालणारे. वर्णनावरून आकार शोधण्याचा हा अभ्यास आहे आणि मराठी हातांनी तो करायला हवा. पत्तेमारी या मालवाहू शिडाच्या नौकेसाठी मात्र मोठा आधार आहे: फ्रेंच नौदल अधिकारी एदमों पारी यांनी १८४०च्या दशकातल्या आपल्या ग्रंथात हिंदी किनाऱ्यावरच्या नौकांची मोजमापांसह रेखाटने दिली.

पण मराठवाड्याचे स्वतःचे जहाज आहे, आणि ते डोंगरात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या भित्तिचित्रात पूर्ण अवदानाची कथा येते. हा पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. पाचव्या शतकातल्या त्या जहाजाला तीन उभी शिडे आहेत, नाळेवर डोळा रंगवलेला आहे, मागे वल्ह्यासारखे सुकाणू आहे आणि वर रांजण मांडलेले आहेत. याच चित्रावरून भारतीय नौदलाने ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधून घेतले. नकाशा कुठेच शिल्लक नव्हता. चित्रावरून आकार काढला, चेन्नईच्या आयआयटीत त्याच्या मॉडेलची पाण्यात चाचणी झाली, आणि मग गोव्यात केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवल्या. सांगाड्याच्या फळ्यांना खिळा नाही. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघाले. लांबी १९.६ मीटर, १:२४ प्रमाणात ८२ सेंटिमीटर.

हे जहाज किट न घेता घरी करायचे, तर लाकूड जवळचेच घ्या. सागवान टिकाऊ खरे, पण त्याचे रेषे ठळक. लहान प्रमाणात ते डोळ्याला खुपतात, आणि त्याच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. शिवण हलके आणि हाताला सोपे आहे. हेदूचे पिवळसर लाकूड बारीक पोताचे असल्याने कप्प्या आणि बारीक कोरीव कामाला उत्तम. पट्ट्या काही आठवडे खोलीतल्या हवेत मोकळ्या ठेवा. पावसाळ्यात ओलसर पट्ट्या बसवल्या, तर वैशाखात आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्याने सांधे उघडतात.

फळ्या शिवताना आधी कडेला समांतर भोके पाडावीत, समोरासमोर आणि एकाच अंतराने. दोरा बाहेरून आत, आतून बाहेर फिरवत प्रत्येक टाका ओढून घ्यावा. आत सांध्यावर काथ्याची वळी दाबलेली असावी, म्हणजे दोरा तिला सांध्यात घट्ट धरतो. हे जमले, की हिंदी महासागरातली जुनी जहाजबांधणी हाताला कळते.

म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलला पोहोचलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला माझा कौल अजिंठ्याच्या जहाजाचा. तोफा नाहीत, दोरकाम सोपे, आणि मूळ चित्र आपल्याच भागात. लाकूड कापण्याआधी दुसऱ्या लेण्यात त्या चित्रासमोर उभे राहून पेन्सिलने त्याचे रेखाटन करा. सोमवारी लेणी बंद असतात.