भाजावळीची कुळकथा

कोकणात भातशेतीची सुरुवात आगीने होते. चैत्र सरला की मालवण, देवगड, कणकवलीकडच्या वाड्यांतून दुपारनंतर निळसर धूर उठू लागतो. नवख्या माणसाला वाटतं, वणवा लागला. तो वणवा नसतो. ज्या तुकड्यात तरवा पेरायचा, तेवढीच जमीन भाजायचं काम चाललेलं असतं. आपल्याकडे या कामाला भाजावळ म्हणतात, ठाणे-रायगडाकडे राब. हेक्टरभर भाताच्या लावणीला साधारण दहा गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. म्हणजे सगळ्या शेताचा दहावा हिस्सा भाजायचा आणि उरलेले नऊ हिस्से त्या रोपांच्या जिवावर पिकवायचे.

भाजावळ वरवरची जाळपोळ नव्हे. तिची तयारी थंडीतच सुरू होते. ऐन, किंजळ अशा झाडांच्या पानांसकट फांद्या छाटायच्या, त्यांच्या मोळ्या बांधून वाळत टाकायच्या. हे कवळ. मग तरव्याच्या जागी आधी वाळलं शेण हाताने कुसकरून पसरायचं, त्यावर कवळाचा थर, त्याच्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर मातीचा पातळ थर. हा वरचा थर फार महत्त्वाचा. त्याने ज्वाळ दबते, आग धुमसत राहते, आणि उष्णता वर निघून जाण्याऐवजी खाली मुरते. पेटवतानाही वारा पाठीशी घ्यायचा नाही. वारा ज्या दिशेला वाहतो, त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याच्या तोंडावर पावलापावलाने मागे सरकते. भडका उडाला तर राख उडून जाते आणि माती नुसती करपते. धुमसली तर बोट-दोन बोटं खोलपर्यंत माती तापते आणि राख जागच्या जागी बसते. अनुभवी माणूस दुसऱ्या दिवशी तळव्यावर माती घेऊन चोळून बघतो. ढेकळं सहज फुटली, मातीचा रंग बदलला, तणाचं बी मेलं, की जमीन पेरणीला तयार झाली. रोहिणीत धूळवाफेवर किंवा मृगाच्या सरींवर दाणा पडतो.

एवढा खटाटोप का, याचं उत्तर आपल्या जांभ्यात आहे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाखो वर्षं असा पाऊस झेलून खडकातलं चुना, पालाश, मॅग्नेशियम असं विरघळणारं सारं धुऊन गेलं. मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. त्यातूनच चिऱ्याचा जांभा झाला आणि त्याच्यावरची तांबडी मातीही. ही माती स्वभावाने आम्लधर्मी. शेतकी भाषेत तिचा सामू सातापेक्षा बराच खाली असतो. सामूचं माप साध्या बेरजेचं नाही. सहाचा सामू पाचावर आला तर आम्लता दसपट झालेली असते. जमीन फार आम्ल झाली की ॲल्युमिनियम विरघळून कोवळी मुळं खुंटवतं, आणि स्फुरद मातीत असूनही लोह-ॲल्युमिनियमला असा चिकटून बसतो की रोपाच्या हाती लागत नाही. रुजून आलेल्या कोंबाला नेमका स्फुरदच पहिल्यांदा लागतो.

राख या दोन्ही दुखण्यांवर चालते. लाकूड-पाल्याच्या राखेत चुना आणि पालाश मुख्यतः कार्बोनेटच्या रूपात असतात, म्हणजे आम्ल मारणारे. जोडीला थोडा स्फुरदही असतो. आता कवळासाठी ऐनाला एवढी पसंती का, ते पाहा. ऐन हे चुना साठवणारं झाड आहे. त्याच्या सालीत इतका चुना असतो की सालीची राख पानाला चुना म्हणून लावायची रीत देशात काही भागांत होती, आणि वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत तिची नोंद आहे. म्हणजे जो चुना पावसाने वरच्या मातीतून खाली नेला, तो ऐनाची मुळं खोलवरून उचलतात, फांदी-पानांत भरतात, आणि भाजावळीत तो पुन्हा वरच्या मातीवर येतो. रसायनशास्त्राचा एक शब्द न उच्चारता आपल्या माणसांनी हे झाड निवडलं. पिढ्यान् पिढ्या कोणत्या कवळावर कोणता तरवा येतो, हे डोळ्यांत साठवलं असणार, त्याशिवाय अशी निवड होत नाही.

ही रीत आली कुठून? डोंगरउतारावर जंगल तोडून, जाळून, दोन-तीन वर्षं नाचणी-वरी पिकवून जागा सोडून द्यायची कुमरी शेती सह्याद्रीत फार जुनी आहे. मला भाजावळ ही कुमरीचीच धाकटी बहीण वाटते. खाचरं बांधली गेली, लोक एका जागी स्थिरावले, तेव्हा रान जाळत फिरणं संपलं. पण जळलेल्या मातीत बी कसं उसळून येतं, हे माहीत होतं. मग शेत जंगलात नेण्याऐवजी जंगलाचा पालाच शेतात आणला. खाचरालगतची वरकस जमीन या व्यवस्थेचं दुसरं अंग होती: तिच्यात नाचणी, वरी, हरीक फिरतं पीक म्हणून घ्यायचं, आणि पड असताना तिच्यावरचं गवत नि कवळ भाताच्या वाफ्याला द्यायचं. खाचराचं उत्पन्न वरकसाच्या आधारावर उभं होतं.

एकोणिसाव्या शतकात या आधारावर घाला आला. १८७८चा वन कायदा झाला आणि सरकारी जंगलात कवळ तोडणं गुन्हा ठरू लागलं. सिंधुदुर्गाकडे रान बरंचसं खाजगी होतं, म्हणून झळ कमी बसली. ठाणे-कुलाब्याकडे मात्र राबाचा प्रश्न पेटला. वनखात्याच्या साहेबांना राब म्हणजे अडाण्यांची नासधूस वाटत होती. शेतकऱ्यांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की १८८५मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, आणि त्याच्यापुढे राब हा एक मोठा विषय होता. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक ओझान यांनी राबाचे प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिले. इंग्लंडहून आलेले कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनीही आपल्या १८९३च्या अहवालात राबाची दखल घेतली. याच अहवालात त्यांनी हिंदुस्थानचा रयत इंग्लंडच्या सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा, काही बाबतींत त्याच्याहूनही सरस आहे, असं म्हटलं होतं.

खरी उकल मात्र पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात झाली. १९१२मध्ये प्राचार्य हॅरल्ड मॅन, ना. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब पद्धतीवर शेतकी खात्याच्या रसायनमालेत प्रबंध प्रसिद्ध केला. मॅन म्हणजे पुढे पिंपळे सौदागरचा गावअभ्यास लिहिणारे तेच, आणि कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे जाणकार म्हणून नावारूपाला आले. राखेतून मिळणारं पोषण हा गुणाचा एक भाग, पण माती तापण्यालाही स्वतःचा गुण आहे, हे त्यांनी दाखवलं: तापलेल्या मातीत रोपाला लगेच घेता येईल असं अन्न वाढतं. तीनच वर्षं आधी, १९०९मध्ये, इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात रसेल आणि हचिन्सन हेच म्हणत होते, की माती अर्धवट निर्जंतुक केली तर तिची सुपीकता वाढते. आणि त्याच १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सॉरेनसेन यांनी सामूचं माप जगाला दिलं. माप जन्मायच्या कितीतरी आधीपासून कोकणात इलाज चालू होता.

तरीही एक गोष्ट मला बरीच वर्षं कोड्यात टाकत होती. आम्लता सगळ्या खाचरात असेल, तर नुसता दहावा हिस्सा भाजून कसं भागतं? याचं उत्तर पाण्यात सापडतं. खाचरात पाणी तुंबलं की दिवस-दोन दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो. मग मातीतले सूक्ष्मजीव लोहाच्या गंजावर आपली गुजराण करतात, आणि त्या क्रियेत आम्ल खर्ची पडतं. काही आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपोआप साडेसहा-सातापर्यंत चढतो, आणि लोहाने धरून ठेवलेला स्फुरदही सुटतो. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणारे श्रीलंकेचे शास्त्रज्ञ पोन्नमपेरुमा यांनी १९७२मध्ये हे सविस्तर मांडलं. म्हणजे मेर नीट घातली, गळ बुजवली, चिखलणी घट्ट केली आणि पाणी राखलं, तर खाचराची आम्लता पाणीच सांभाळतं. पण तरव्याचा वाफा जरा उंचावर, निचऱ्याच्या जागी असतो. त्याच्यात पाणी तुंबू द्यायचं नसतं, आणि पाण्याचा हा आधार त्याला मिळत नाही. पहिले तीन-साडेतीन आठवडे रोप उघड्या आम्ल मातीत काढतं, आणि तेवढ्याच दिवसांची सोय आग करते. लावणी झाली की पुढचं पाणी बघून घेतं. आग आणि पाणी यांची ही वाटणी ज्यांनी बसवली, त्यांच्या अक्कलहुशारीपुढे मी मनापासून नतमस्तक आहे.

किनाऱ्यालगत खेळ उलटा होतो. कर्ली, गड अशा नद्यांच्या मुखाशी भरतीचं पाणी आत येतं, आणि तिथल्या खाजणांचं दुखणं खारेपण. तिथे राख घालून क्षार वाढवण्यात अर्थ नाही. बांध घालून भरती अडवायची आणि पावसाच्या गोड पाण्याने मीठ धुऊन काढायचं. अशा खार जमिनीत मोड आणलेलं भात थेट चिखलात टाकायची जुनी रीत आहे. १९४८च्या मुंबई खार जमीन कायद्याने आणि पुढे १९७९च्या महाराष्ट्राच्या कायद्याने या बांधांची जबाबदारी सरकारनेही उचलली. बांध फुटला की किती वर्षांची मेहनत समुद्रात जाते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

भाजावळीचं गुणगान गाताना तिची किंमत लपवायची नाही. कवळासाठी वरचेवर छाटलेले ऐन नुसते सोट होऊन उभे राहतात. पाला जळतो तेव्हा त्यातलं नत्र धुराबरोबर जातं आणि मातीत मिसळला असता तो सेंद्रिय भाग नाहीसा होतो. माणसंही राहिली नाहीत. घरातले हात मुंबईला गेल्यावर थंडीत ऐनावर चढायला कोण उरलं? पातेरा गोळा करणाऱ्या बायांचं वय झालं. त्यामुळे भाजावळ मागे पडते आहे, आणि तिच्या जागी पुष्कळदा नुसती युरियाची मूठ येते, जी जमिनीला आणखी आम्लतेकडेच ढकलते.

म्हणून डॉ. ना. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत मला भाजावळीची खरी वारसदार वाटते. परदेशात खतांवर संशोधन करून आलेल्या या शास्त्रज्ञाने पहिल्याच सूत्रात राख ठेवली: ऐनाची नाही, भाताच्याच तुसाची. गादीवाफ्याच्या चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळी राख मातीत मिसळायची. तिच्यातला सिलिकॉन रोपाला ताठ करतो आणि खोडकिड्याला आवरतो. दुसऱ्या सूत्रात गिरिपुष्पाचा पाला येतो, पण तो जाळायचा नाही. लावणीआधी आठवडाभर खाचरात पसरून कुजू द्यायचा. बांधावर गिरिपुष्पाच्या काठ्या रोवल्या की कवळासाठी ऐन छाटायची गरज उरत नाही आणि नत्रही हवेत जात नाही.

आपल्या गिरणीच्या मागे तुसाचे ढीग पावसात भिजत पडलेले असतात. २०१५पासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामूसकट बारा घटकांची नोंद असते, पण त्यांत सिलिकॉन नाही. कोकणासाठी तेरावा रकाना छापावा, एवढं मागणं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि आपल्या जिल्ह्याच्या कृषी विभागाने आता लावून धरायला हवं.