नव्वद बोल्टांची रात्र

विमान दिवसा कमावते आणि रात्री दुरुस्त होते. शेवटचे उड्डाण मध्यरात्रीच्या आगेमागे उतरते, पहिले पहाटे सुटते. मधल्या चार-पाच तासांत चाके, ब्रेक, इंजिनाचे तेल आणि वैमानिकाने लॉगबुकात लिहिलेल्या तक्रारी, सगळे उरकायचे असते. मुंबईच्या विमानतळावर मी 21 वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. अपघातांचे चौकशी अहवाल वाचायला लागलो ते निवृत्तीनंतर, एका प्रश्नापायी: रात्री होणारी चूक नक्की कोणाची असते?

या प्रश्नाच्या इतिहासात 10 जून 1990 ही तारीख महत्त्वाची आहे. ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान त्या सकाळी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. 17,300 फुटांवर कॅप्टन टिम लँकेस्टर यांच्या समोरची काच निखळली आणि त्यांचे अर्धे शरीर बाहेर खेचले गेले. केबिन कर्मचाऱ्यांनी त्यांना पायांकडून धरून ठेवले आणि सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउथॅम्प्टनला उतरवले. विमानातले सर्व 87 जण वाचले, लँकेस्टरसुद्धा.

ती काच उड्डाणाच्या 27 तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. माणसे कमी होती म्हणून पाळीप्रमुखाने ते काम स्वतःच अंगावर घेतले. काच 90 बोल्टांनी बसते. जुने बोल्ट मुळातच ठरलेल्या मापापेक्षा आखूड होते, पण त्यांच्यावर विमान चार वर्षे उडत होते. तेव्हा त्याने तसेच बोल्ट घ्यायचे ठरवले. स्टोअरच्या सुपरवायझरने योग्य माप सांगितले, तरी त्याने सवयीवर भरवसा ठेवला. स्टोअरमध्ये पुरेसे बोल्ट नव्हते, म्हणून तो दुसऱ्या ठिकाणच्या कप्प्यांकडे गेला. तिथे उजेड अपुरा आणि देखरेखीला कोणी नाही. वाचायचा चष्माही त्याने लावलेला नव्हता. जुना बोल्ट शेजारी धरून, नजरेने आणि बोटांनी त्याने नवे निवडले. बसवलेल्या 90 पैकी 84 बोल्टांचा व्यास 0.026 इंचाने, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश मिलिमीटरने, कमी निघाला.

ही काच बाहेरून बसवलेली होती. उंचीवर केबिनमधला दाब तिला बाहेर ढकलतो आणि तो सगळा भार बोल्टांवर येतो. असे असूनही हे काम दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलेच पाहिजे, असा नियम तेव्हा नव्हता. ज्याने काम केले, त्याचीच सही शेवटची.

1992 मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल मला आवडतो तो एका कारणासाठी. तो त्या माणसाची चूक लपवत नाही, पण तिथेच थांबतही नाही. रिकामे स्टोअर, अपुरा उजेड, कमी माणसे, पहाटे मंदावणारे शरीराचे घड्याळ आणि त्या ठिकाणी रुळलेल्या कामाच्या सवयी, यांनाही तो साक्षीला उभे करतो. तो पाळीप्रमुख कामचुकार नव्हता. काम अडू नये म्हणून धडपडणारा होता.

पुढच्याच वर्षी, 11 सप्टेंबर 1991 रोजी, अमेरिकेत टेक्सास राज्यात कॉन्टिनेंटल एक्सप्रेसचे एम्ब्राएर-120 विमान हवेतच मोडले आणि 14 जण गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखावरचे, बर्फ झटकणारे रबरी आवरण बदलण्याचे काम चालले होते. संध्याकाळच्या पाळीने डाव्या बाजूचे वरचे 47 स्क्रू काढले. रात्रीच्या पाळीला ते कोणी नीट सांगितले नाही. स्क्रू परत बसले नाहीत, आणि सकाळी विमान सेवेत गेले. चौकशी मंडळाच्या बहुमताने मुख्य ठपका ठेवला तो कार्यपद्धती न पाळणाऱ्या कर्मचाऱ्यांवर. जॉन लॉबर या सदस्याने मात्र वेगळे मत नोंदवले: कार्यपद्धती पाळण्याची संस्कृती व्यवस्थापनाने रुजवली नाही, हे अपघाताच्या मुख्य कारणांत यायला हवे.

हे वाचताना मला माझी एक सकाळ आठवली. पाळी संपवून मी पार्ले स्टेशनावर पोचलो, पिशवी उघडली, तर टॉर्च नव्हता. पीसीओवरून फोन केला. विमान अजून उभे होते. मी बंद केलेले पॅनेल उघडले, टॉर्च आतच निघाला. मला निष्काळजीपणाबद्दल मेमो मिळाला आणि सात दिवसांचा पगार कापला गेला. माझी ती सलग सहावी रात्र होती, हे कोणी विचारले नाही.

काही महिन्यांनी शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याला ड्रिलचा तुटलेला तुकडा सापडेना. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. ते विमान सुखरूप गेले आणि सुखरूप परत आले. पण ती रात्र मेमोपेक्षा जड आहे.

पुढे चित्र बदलले. 1993 च्या सुमारास कॅनडात गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी दुरुस्तीतल्या चुकांमागच्या बारा कारणांची यादी केली. थकवा, ताण आणि संवादाचा अभाव ही त्यातलीच कारणे. ती आज जगभर शिकवली जाते. आपल्याकडेही डीजीसीएच्या सीएआर-145 नियमांत मानवी घटकांचे प्रशिक्षण आणि पाळी बदलताना अपुऱ्या कामाची नीट माहिती देणे आले आहे. नियम चांगले आहेत. पण फोन करणाऱ्याच्या हाती मेमो पडत असेल, तर पुढचा माणूस फोन करत नाही. बर्मिंगहॅमचा अहवाल ज्या पद्धतीने प्रश्न विचारतो, तसे त्या सकाळी मला कोणी विचारले असते, तर ड्रिलच्या रात्री मी बोललो असतो.